नोरझोमची पाठवणी

१९ ऑगस्ट, मठ

थोरल्या चोमोंनी, आमच्या मठाच्या प्रमुख भिक्षुणींनी, आज मला एकटीला बोलावलं. जव निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "चोरोल, तू जा नोरझोमबरोबर. फोतोकसरला तिच्या घरी पोचव आणि परत घेऊन ये. तुझं ऐकते ती."

ऐकते तर खरंच. मी अकराची आणि नोरझोम दहाची होती तेव्हापासून एका खोलीत राहतो आम्ही. सतरा वर्षं झाली. दर अमावास्येला ती माझं डोकं भादरते, मी तिचं. तिच्या डोक्यावरचे उंचवटे मला पोथीच्या पानांसारखे पाठ आहेत.

जूनमध्ये तिची थोरली बहीण देस्किद बाळंतपणात गेली. बाळ वाचलं, मुलगा आहे. आधीची सहा वर्षांची मुलगी, कुन्झेस. देस्किदचा नवरा स्तोबदन त्यांच्याकडे घरजावई म्हणून आलेला. घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. वडिलांना दिसत नाही. गेल्या आठवड्यात खेचरवाल्यांबरोबर त्यांचा निरोप आला: "कापणीपुरती ये."

कापणीपुरती म्हणजे काय, ते कुणी सांगावं लागत नाही. किरमिजी वस्त्रं उतरवायची, दाजींशी लग्न लावायचं, बहिणीची पोरं आणि बापाचं घर सांभाळायचं.

नोरझोमने निरोप ऐकला आणि नुसतं म्हणाली, "जाऊन बघते."

मी तिला परत आणीन. ऑक्टोबरात मठाची शाळा सुरू व्हायची आहे आणि तिथे आम्ही दोघी शिकवणार हे केव्हाच ठरलंय.

२० ऑगस्ट, हनुमिल

पहिला मुक्काम. आमच्याच मठातली पुतित, सगळ्यांची आचे म्हणजे थोरली ताई, आमच्याबरोबर आली आहे, तिचं गाढवही. तिचा भाऊ लिंगशेडला असतो, त्याला भेटायचं म्हणते. पन्नाशी उलटली तरी ही बाई आम्हा दोघींच्या पुढे चालते आणि चालताना तोंडाला विसावा नाही. नोरझोम मागे राहत होती तेव्हा ओरडली, "अगं, सासरी निघालेल्या पोरी पण याहून भरभर चालतात!"

मला राग आला. मी म्हटलं, "आचे, हा काय विनोद झाला?"

"विनोद नाही तो. बोलून टाकलेलं बरं असतं. तुम्ही दोघी सकाळपासून मुक्याने चालताय. माझ्या गाढवाला सुद्धा ओझं झालंय तुमचं."

नोरझोम हसली. आज दिवसभरात तेवढीच.

ज्या घरी उतरलो तिथल्या म्हातारीने सातूचं पीठ आणि लोणी-मिठाचा चहा दिला आणि नोरझोमकडे बघून म्हणाली, "देस्किदची धाकटी ना? बरं केलंस बाई, निघालीस." मी लगेच सांगितलं की आम्ही फक्त भेटायला चाललोय, पंधरा दिवसांत परत. म्हातारीने "हो का" म्हणून माझ्या वाटीत परत चहा ओतला.

२१ ऑगस्ट, स्नेर्त्से

परफी ला ही खिंड चढून उतरलो. उतार असा की गुडघे बोलतात. खाली ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि पुन्हा तेवढंच चढलो. इथे एकच घर आहे आणि धनी वरच्या कुरणात गेलेला, म्हणून ओसरीतच पथारी टाकली आहे.

पुलाजवळ पुतित गाढवाला पाणी पाजत होती तेव्हा नोरझोम पाण्यात पाय सोडून बसली. टाचा सोलल्या होत्या. मी लोणी लावून दिलं. ती म्हणाली, "चोरोल, तुला काय वाटतं?"

मी याचीच वाट बघत होते. मनात सगळं जुळवून ठेवलेलं. मी सांगितलं की व्रत एका जन्माचं नसतं. मूल वाढवायला गावात बायका मिळतील, पण लिहिता-वाचता येणाऱ्या भिक्षुणी आमच्या खोऱ्यात किती आहेत? शाळेचं सांगितलं. थोरल्या चोमो थकल्या आहेत ते सांगितलं. बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले असं मला वाटतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे मठाचं झालं. तुला काय वाटतं?"

"मला वेगळं काय वाटायचं?" मी म्हटलं.

तिने पाय पुसले आणि जोडे घातले.

संध्याकाळी ती पुतितशीच बोलत बसली. मी काय चुकीचं बोलले? एकही शब्द धर्माला सोडून नव्हता.

२३ ऑगस्ट, लिंगशेड

काल हनुमा ला ओलांडून इथे आलो. पुतितच्या भावाकडे उतरलोय. घर माणसांनी भरलेलं, वाटाण्याचं शेत काढणीला आलेलं.

नोरझोमचे केस दोन बोटं वाढलेत. देस्किद गेल्याचं कळल्यापासून तिने डोकं भादरून घेतलेलं नाही. आज संध्याकाळी मी वस्तरा आणि पाणी घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "ये. घरी अशी जाणार का? लोकांना वाटेल आधीच ठरवून आलीस."

तिने डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे."

"का?"

"तू भादरलंस तर मला परत यावंसं वाटेल."

"मग बरंच आहे की!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथेच थांबू या का? अजून दोन दिवस थांबू. पुतितला भावाकडे राहायला आवडेल. आपण वरच्या लामांच्या गोम्पात जाऊ, झऱ्यावर कपडे धुऊ. लहानपणी धुवायचो तसे."

मी म्हटलं, वेळ कुठे आहे? जितकं लवकर पोचू तितकं लवकर परतू. सेंगे ला वर सप्टेंबरात बर्फ पडलं तर काय करणार? आणि ऑक्टोबरात शाळा आहे. तिने मान डोलावली. मी वस्तरा पुसून पिशवीत ठेवला.

पुतित हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. मी पाणी फेकायला बाहेर गेले तर मागोमाग आली आणि म्हणाली, "तुला पोथ्या पाठ आहेत आणि शेजारी बसलेलं माणूस वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं डोकं! उद्या पहाटे निघायचंय ना? झोप."

तिला नुसतं तिरकं बोलायला आवडतं. तिचा भाऊ तिला राहा म्हणत होता, ती नको म्हणाली. "या दोघींना एकट्या सोडून चालणार नाही," असं त्याला सांगत होती. गाढवाची काळजी असेल.

२५ ऑगस्ट, सेंगे ला च्या पलीकडे

हात गारठलेत, अक्षर वाईट येतंय.

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन होतं पण वारा उभं राहू देईना. आम्ही तिघी पताकांपाशी गेलो आणि "ल्हा ग्यालो", देवांचा विजय असो, म्हणून ओरडलो. पुतितचा आवाज सगळ्यात मोठा. मग ती गाढवाला घेऊन खाली उतरायला लागली.

नोरझोम तिथेच दगडांच्या आडोशाला बसली. मी पण बसले. एका शालीत दोघी, मठातल्या थंडीत बसतो तशा. समोर खाली फोतोकसरकडे जाणारी दरी दिसत होती. तिने बोटाने दाखवलं, तिथे आमचं कुरण, त्याच्या खाली घर, इथून दिसत नाही.

मग ती म्हणाली, "चोरोल, इथून माघारी फिरलो तर?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "कुठे?"

"मठात. आत्ता. पुतितला हाक मारायची आणि फिरायचं. वडिलांना निरोप पाठवू की मी आजारी पडले."

माझ्या छातीत काहीतरी एकदम मोकळं झालं. हे इथे लिहून ठेवते, कारण मी ते तिला सांगितलं नाही. त्याऐवजी म्हटलं, "आता? दारात येऊन? आंधळा बाप वाट बघतोय, आणि खोटं सांगून पळायचं? असं केलंस तर जन्मभर ते टोचेल. आधी तोंड दाखव, पोरांना भेट, मग सरळ उभी राहून नाही म्हण. मी आहे ना बरोबर."

"तू आहेस," ती म्हणाली. तिने शाल माझ्या अंगावर सारखी केली आणि उठली.

मी बरोबर तेच बोलले. थोरल्या चोमोंनी हेच सांगितलं असतं. तरी उतरताना मला सारखं मागे बघावंसं वाटत होतं.

२६ ऑगस्ट, फोतोकसर

पोचलो. दारात कुन्झेस उभी होती. नाक गळतंय, केसांना महिनोन् महिने फणी लागलेली नाही. तिने आम्हा तिघींकडे पाहिलं. तिघींची वस्त्रं एकसारखी, तरी सरळ नोरझोमकडे गेली आणि तिच्या घागऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली. रडली नाही. नुसती धरून राहिली. नोरझोमला दार ओलांडताना तिला तशीच फरफटत न्यावं लागलं.

नोरझोमचे म्हातारे वडील, ज्यांना सगळे मेमे म्हणजे आजोबा म्हणतात, चुलीपाशी होते. त्यांनी नोरझोमचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, मग डोकं. केस हाताला लागले तेव्हा त्यांचे हात थांबले. "वाढवलेस," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी लिंगशेडला तिचं डोकं का नाही भादरलं? मागे लागून भादरायला हवं होतं.

बाळ झोमोच्या, याक आणि गाईच्या संकराच्या, दुधावर आहे. दोन महिन्यांचं, पण दोन आठवड्यांचं वाटावं इतकं बारीक. स्तोबदन त्याला फडक्याने पाठीला बांधून कापणी करतो. गडी उंच आहे, बोलत नाही, हातांना भेगा पडलेल्या. त्याने आम्हाला चहा दिला. मी त्याला नावं ठेवायच्या तयारीने आले होते. ठेवता येईनात.

२८ ऑगस्ट, फोतोकसर

दोन दिवस कापणी. पुतित, मी, नोरझोम, स्तोबदन आणि शेजारच्या दोन बायका. त्या गातात, पुतितही गाते. तिची गाणी भिक्षुणीला शोभणारी नाहीत. बाळ आता नोरझोमच्या पाठीवर असतं. पहिल्या दिवशी किंचाळत होतं, आज गप्प झोपलं. ती वाकली की त्याची मान डुलते आणि ती एका हाताने मागे धरते. हे तिला कुणी शिकवलं?

दुपारी शेजारच्या एकीने मला विचारलं, "चोमो-ले, तुमची मैत्रीण राहणार ना?"

"तिचं ती ठरवेल," मी म्हटलं.

नोरझोम जवळच पेंढी बांधत होती. तिने ऐकलं. तिच्या हातातली दोरी सुटली आणि तिने ती पुन्हा बांधली.

मेमेंनी काल सगळ्यांसमोर विषय काढला. त्यांनी सक्ती केली नाही, हे खरं सांगायला हवं. म्हणाले, "तू गेलीस तर स्तोबदनला दुसरी बायको आणावी लागेल. ती कशी निघेल कुणास ठाऊक. मी किती दिवसांचा? मी तुला लहानपणी मठाला दिलं तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारतो."

नोरझोमने माझ्याकडे पाहिलं. मीच नको का बोलायला? पण बापलेकीच्या मध्ये मी कोण? ते घर त्यांचं, ती पोरं त्यांची. कुन्झेस माझ्या मांडीला टेकून झोपली होती आणि तिच्या तोंडातून लाळ माझ्या वस्त्रावर गळत होती. मी खाली बघत बसले.

२९ ऑगस्ट

थोडक्यात लिहिते.

सकाळी नोरझोम मला वरच्या चोर्तेनपाशी, स्तूपापाशी, घेऊन गेली. म्हणाली, "व्रत परत करायचं तर समजणाऱ्या एका माणसासमोर स्पष्ट म्हणावं लागतं. थोरल्या चोमोंनी शिकवलं होतं."

"हो."

"तुला समजतं. तूच ऐक."

मी म्हटलं, लिंगशेडच्या गोम्पात एखादे लामा बघू. ती म्हणाली, "नाही. तूच."

ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. मला खाली बसावंसं वाटत होतं, पण ऐकणाऱ्याने कसं बसायचं ते ठरलेलं आहे, तसं मी बसले. तिने हात जोडले आणि बोलायच्या आधी थांबली. वारा नव्हता. खाली कुणीतरी खळ्यावर झोमो फिरवत होतं, त्याची हाळी ऐकू येत होती.

"तुला काही म्हणायचंय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नीट म्हण. अडखळू नकोस. अर्धवट राहिलं तर दोष लागतो."

तिने म्हटलं. तीनदा. अडखळली नाही. मग वरचं वस्त्र घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि देस्किदचा लोकरी झगा चढवला. तो तिला खांद्यात मोठा होतो.

मी ती घडी घेऊन खाली आले. पुतितने ती बघितली आणि गाढव सोडायला गेली.

३० ऑगस्ट

निघालो. नोरझोम गावाच्या टोकाच्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीपर्यंत आली, पाठीवर बाळ, बोटाला कुन्झेस. पोरीने मला सुकं चीज दिलं, मूठभर, घामाने ओलं झालेलं. नोरझोमने माझ्या कपाळाला कपाळ लावलं. मी म्हटलं, "बाळाला बकरीचं दूध देऊन बघ. झोमोचं जड पडतं."



२ सप्टेंबर, स्नेर्त्से

काल लिंगशेडहून निघताना पाऊस, आज पण. गाढव चालेना. पुतितने त्याला शिव्या दिल्या, मग माझ्याकडे वळली.

"एकदा तरी म्हणालीस का तिला?"

"काय?"

"राहू नकोस म्हणून. तू चल म्हणून."

"सगळ्या वाटेने सांगत होते! व्रताचं सांगितलं, शाळेचं सांगितलं..."

"व्रताचं, शाळेचं! अगं शाळेशी राहत होती का ती सतरा वर्षं?"

मी तिला म्हटलं, मी असं कसं म्हणणार? माझ्यासाठी ये, असं? आसक्ती सोडायला आपण मठात आलो. एका बाजूला आई नसलेली दोन लेकरं आणि दुसऱ्या बाजूला मी, असं मी तागडीत टाकायचं?

पुतित ओल्या खडकावर बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "मी पण असंच म्हणाले होते. तुझ्या वयाची असताना. तिचं नाव घेत नाही मी." मग उठून गाढवाच्या ढुंगणावर चापट मारली. "चल रे, मेल्या."

मी दिवसभर ती काय म्हणाली याचा विचार करते आहे.

६ सप्टेंबर, मठ

थोरल्या चोमोंना वस्त्र दिलं. त्यांनी विचारलं, "तू प्रयत्न केलास ना?" मी हो म्हटलं. हे खोटं होतं का? मला सांगता येत नाही.

खोलीत दुसरी कुणी हवी का म्हणून विचारलं. नको म्हटलं.

१४ ऑक्टोबर

शाळा सुरू झाली. नऊ मुली आहेत. एकीला "क" उलटा काढायची सवय. डोकं पुतितने भादरलं. दोन ठिकाणी कापलं.

८ नोव्हेंबर

आज स्तोबदन आला.

खिंडी बंद व्हायच्या आत पदुमला मीठ आणि चहा घ्यायला चाललाय. वाकडी वाट करून मठात आला. मी वर्ग घेत होते. मुलींना सुट्टी दिली आणि चहा केला. त्याने सांगितलं की बाळ बकरीच्या दुधावर धरलं, दोन दात आले. कुन्झेस मावशीला आई म्हणायला लागली, स्वतःहून. मेमे बरे आहेत. लग्न कापणीनंतर झालं. सातूची छांग पाजली, गाणी झाली, फार नाही, देस्किदला जाऊन वर्ष नाही म्हणून.

मग त्याने वाटी खाली ठेवली. म्हणाला, "चोमो-ले, तुमचे उपकार आहेत."

"माझे कसले?"

"तुम्ही आलात त्याच दिवशी नोरझोमने मला सगळं सरळ सांगितलं. म्हणाली, चोरोल माझ्याबरोबर चल म्हणाली तर मी जाईन. मग मला अडवू नका. मी कबूल झालो. माझी एक विधवा आत्या आहे वानला गावात, ती पोरांसाठी यायला तयार होती. तिला निरोप पाठवून ठेवला होता. घोडं पण बघून ठेवलं होतं तुम्हाला परत न्यायला." त्याला बोलायची सवय नाही. "चार दिवस मी रोज बघत होतो, आज म्हणतील, उद्या म्हणतील. वर चोर्तेनपाशी गेलात तेव्हा तर मला वाटलं झालंच. आम्हाला मग कळलं की तुमच्या मते तिचं राहणंच योग्य आहे. मोठं मन आहे तुमचं."

मी त्याच्या वाटीत चहा ओतला. वाटी भरलेलीच होती. चहा खाली सांडला आणि आम्ही दोघांनी मिळून पुसला.

आत्या तयार होती. पोरं उघडी पडणार नव्हती. एक शब्द पुरला असता. पुलावर, लिंगशेडला, खिंडीत, शेतात, चोर्तेनपाशी, ती प्रत्येक वेळी माझ्यासमोर थांबली होती आणि मी तिला बरोबर ते सांगत होते.

त्याला उजेडात पुढचं गाव गाठायचं होतं. फाटकापर्यंत गेले. पिशवी खांद्यावर टाकून तो म्हणाला, "परतताना थांबणं होणार नाही, बर्फ येतंय. तिला काही निरोप द्यायचाय?"

मला काय म्हणायचंय ते या वेळी ठाऊक होतं. 'माझ्यासाठी ये' हे शब्द तोंडात तयार होते. पण मध्ये आता बाळाचे दोन दात होते, कुन्झेसची हाक, आंधळ्या मेमेंचे हात, आणि हा माणूस, जो वाट वाकडी करून माझे आभार मानायला आला होता.

"तिला सांगा," मी म्हटलं, "चोरोल खुशाल आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

तो उतरून वळणाआड गेला. मी वर्गात आले, मुलींना परत बोलावलं.